डेल्टा एच, डेल्टा एस, डेल्टा जी: पहिल्यांदा हिशेब करणाऱ्यांसाठी

सूत्रं बहुतेकांना पाठ असतात. डेल्टा जी बरोबर डेल्टा एच वजा टी डेल्टा एस, हे झोपेतून उठवून विचारलं तरी मुलं सांगतात. (डेल्टा म्हणजे बदल. एच म्हणजे एन्थाल्पी, ढोबळमानाने अभिक्रियेत दिली-घेतली जाणारी उष्णता; एस म्हणजे एन्ट्रॉपी, ढोबळमानाने पसारा; जी म्हणजे मुक्त ऊर्जा, अभिक्रिया आपोआप होईल का ते सांगणारी; टी म्हणजे तापमान.) तरीही पेपरात उत्तर चुकतं, आणि ते रसायनशास्त्रापेक्षा हिशेबापायी चुकतं. कुठे एकक बदलायचं राहतं, कुठे समीकरणातला गुणांक विसरला जातो, तर कुठे पाणी द्रव आहे की वाफ हेच कुणी पाहिलेलं नसतं.

मी बडोद्यातच, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत शिकलो आणि आता दांडिया बाजारात बी.एस्सी.च्या मुलांना भौतिक रसायनशास्त्र शिकवतो. इथली मराठी मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती किंवा इंग्रजीतून शिकलेली असतात, आणि उष्मागतिकीपाशी आली की तिन्ही भाषांतले शब्द डोक्यात एकमेकांवर आपटतात. १८९० साली इथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा सुरू झाली, तेव्हा त्रिभुवनदास गज्जरांसारख्या रसायनशास्त्रज्ञाचा आग्रह होता की मुलांनी विज्ञान आपल्या भाषेत शिकावं. तेवढा आधार मला मराठीत लिहायला पुरेसा आहे.

मुख्य उदाहरण अमोनियाचं घेतलंय. बाजव्याच्या बाजूला फर्टिलायझरनगरात तो टनांनी बनतो आणि तुमच्या वर्गातल्या कुणाचे तरी काका किंवा मामा त्या कारखान्यात असतातच. शिवाय एन्थाल्पी, एन्ट्रॉपी आणि मुक्त ऊर्जा या तिघींची ओढाताण इतकी स्वच्छ दाखवणारी दुसरी अभिक्रिया मला माहीत नाही.

आधी हे जवळ घ्या

- प्रमाण निर्मिती एन्थाल्पी, प्रमाण एन्ट्रॉपी आणि प्रमाण निर्मिती मुक्त ऊर्जा यांचा तक्ता. ‘निर्मिती’ म्हणजे एक मोल पदार्थ मूलद्रव्यांपासून बनतानाचा बदल; ‘प्रमाण’चा अर्थ पायरी ७ मध्ये येईल. तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या शेवटी असतोच. नसेल तर निस्ट वेबबुक, म्हणजे अमेरिकेच्या प्रमाणमापन संस्थेचा आकड्यांचा संग्रह, इंटरनेटवर फुकट पाहता येतं.
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर. त्यात ‘लॉग’ आणि ‘एलएन’ ही दोन वेगळी बटणं आहेत हे आत्ताच बघून ठेवा. पहिलं दहाच्या पायाचं, दुसरं नैसर्गिक. दोन्हींत २.३०३ पटीचा फरक आहे.
- वायू स्थिरांक, सूत्रातला ‘आर’: ८.३१४ जूल प्रति केल्व्हिन प्रति मोल. ०.०८२१ हा आकडा लिटर-वातावरणाचा आहे, तो इथे चालत नाही.
- पेन्सिल. चिन्हं पुसावी लागतात.

तक्त्याबद्दल एक सूचना मी फार आग्रहाने करतो: एका गणितात एकच तक्ता वापरा. अमोनियाची निर्मिती एन्थाल्पी कुठे −४६.१ दिलेली दिसेल, कुठे −४५.९. दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत. पण अर्धे आकडे एका पुस्तकातून आणि अर्धे मोबाइलवरून घेतलेत तर शेवटी दोन वाटांनी काढलेली उत्तरं जुळत नाहीत आणि चूक शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

१. समीकरण लिहा, संतुलित करा, प्रत्येकाची अवस्था लिहा

नायट्रोजन (वायू) + ३ हायड्रोजन (वायू) → २ अमोनिया (वायू)

कंसातले शब्द शोभेसाठी नाहीत. ते किती महाग पडतात बघा. आपल्या घरी पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. एक मोल मिथेन जाळला आणि तयार झालेलं पाणी द्रव धरलं, तर डेल्टा एच −८९०.३ किलोजूल येते. तेच पाणी वाफ धरलं तर −८०२.३. फरक ८८ किलोजूल, म्हणजे दोन मोल पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता. तक्त्यात पाण्याच्या दोन ओळी एकाखाली एक असतात: द्रव −२८५.८, वाफ −२४१.८. घाईत डोळा हमखास चुकीच्या ओळीवर जातो.

दुसरी गोष्ट: उत्तर नेहमी ‘लिहिलेल्या समीकरणापुरतं’ असतं. वरचं समीकरण निम्मं करून एक मोल अमोनियासाठी लिहिलंत तर डेल्टा एच, डेल्टा एस आणि डेल्टा जी तिन्ही निम्म्या होतील. समीकरण उलटं लिहिलंत तर तिन्हींची चिन्हं उलटतील. म्हणून प्रश्नात ‘प्रति मोल अमोनिया’ म्हटलंय की नुसतं समीकरण दिलंय, ते आधी वाचा.

२. आकड्यांना हात लावण्याआधी चिन्हं सांगा

ही पायरी मुलं गाळतात, कारण तिला मार्क नसतात. पण पुढच्या निम्म्या चुका हीच पकडते.

एन्ट्रॉपीसाठी डावीकडचे आणि उजवीकडचे वायूचे मोल मोजा. आपल्याकडे डावीकडे १ + ३ = ४, उजवीकडे २. वायू कमी झाला, म्हणून डेल्टा एस ऋण येणार. घन आणि द्रवांचा वाटा सहसा इतका लहान असतो की वायूंच्या मोजणीवरून चिन्ह बहुधा बरोबर येतं. दोन्हीकडे वायूचे मोल सारखेच असतील तर मात्र अंदाज सोडा आणि तक्त्याकडे जा.

एन्थाल्पीचं चिन्ह एवढ्या सहज ओळखता येत नाही. तरी काही गोष्टी ठरलेल्या आहेत: ज्वलन आणि उदासिनीकरण उष्मादायी, म्हणजे ऋण. वितळणं, उकळणं आणि नुसता बंध तुटणं उष्माग्राही, म्हणजे धन. अमोनिया बनताना उष्णता बाहेर पडते, म्हणून ऋण.

आता वहीच्या समासात लिहून ठेवा: डेल्टा एच ऋण, डेल्टा एस ऋण. म्हणजे थंडीत अभिक्रिया पुढे जायला अनुकूल, तापमान वाढलं की प्रतिकूल. अजून एकही बेरीज केलेली नाही आणि निम्मं उत्तर हातात आहे.

३. एन्थाल्पी: चार वाटा आहेत, प्रश्न बघून निवडा

*पहिली वाट, तक्त्यातून.* उत्पादांच्या निर्मिती एन्थाल्पींची बेरीज, वजा अभिक्रियाकारकांची. प्रत्येकाला त्याच्या गुणांकाने गुणून.

अमोनिया −४६.१, नायट्रोजन ०, हायड्रोजन ०.
डेल्टा एच = २ × (−४६.१) − (० + ३ × ०) = −९२.२ किलोजूल.

मूलद्रव्यांना शून्य का? ती आपण ठरवलेली पातळी आहे: २५ अंशांना मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रूपात असेल तर निर्मिती एन्थाल्पी शून्य. इथे ‘ठरलेल्या रूपात’ हे शब्द महत्त्वाचे. कार्बनचं ठरलेलं रूप ग्रॅफाइट आहे, हिऱ्याला १.९ किलोजूल मिळतात. ब्रोमीनचं द्रव, आयोडीनचं घन. आयोडीनची वाफ दिली असेल आणि तुम्ही शून्य लिहिलंत तर गेलं. एकट्या अणूला तर शून्य नसतंच, अपवाद फक्त हेलियम-आरगॉनसारख्या निष्क्रिय वायूंचा.

*दुसरी वाट, बंध ऊर्जांमधून.* इथे वजाबाकीची बाजू उलटते आणि नेमका तिथेच घात होतो: तुटलेल्या बंधांची बेरीज वजा जुळलेल्या बंधांची. तुटणारे डावीकडचे, म्हणून या वाटेने अभिक्रियाकारक आधी येतात.

नायट्रोजनमधला तिहेरी बंध ९४५, हायड्रोजनचा ४३६, नायट्रोजन-हायड्रोजनचा सरासरी ३९१.
तुटले: ९४५ + ३ × ४३६ = २२५३.
जुळले: दोन अमोनियात मिळून सहा बंध, ६ × ३९१ = २३४६.
डेल्टा एच = २२५३ − २३४६ = −९३ किलोजूल.

तक्त्याच्या वाटेने −९२.२ आलं होतं. एवढं जवळ येणं हे अमोनियाचं सौजन्य समजा. ३९१ ही सरासरी आहे, आणि सरासरी आकड्यांवरची गणितं पाच-दहा किलोजूलने सहज इकडेतिकडे होतात. ही वाट फक्त वायूंसाठी आहे. समीकरणात द्रव पाणी असेल तर आधी त्याची वाफ करून घ्यावी लागते. आणि अमोनियातले बंध तीन, दोन रेणूंत सहा, हे मोजताना रचना काढा, तोंडी मोजू नका.

*तिसरी वाट, हेसचा नियम.* जर्मेन हेसने १८४० साली मांडलेली गोष्ट अशी की एन्थाल्पीतला बदल फक्त सुरुवात आणि शेवट बघतो, मधला रस्ता नाही. पावागडावर माचीपासून पायऱ्यांनी चढा किंवा उडनखटोल्यात (रोपवेत) बसा, उंचीतला फरक तोच. घाम किती गाळला ते वेगळं.

याचा खरा उपयोग जिथे थेट मोजता येत नाही तिथे होतो. कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड बनतो तेव्हा किती उष्णता निघते? प्रयोग करून मोजायला गेलात तर थोडा डायॉक्साइड बनतोच, शुद्ध मोनॉक्साइड हाती लागत नाही. मग कार्बनचं पूर्ण ज्वलन (−३९३.५) मोजायचं, कार्बन मोनॉक्साइडचं ज्वलन (−२८३.०) मोजायचं, आणि दुसरं समीकरण उलटं करून पहिल्यात मिळवायचं: −३९३.५ + २८३.० = −११०.५ किलोजूल. समीकरण उलटं केलं की चिन्ह बदला, दुप्पट केलं की आकडा दुप्पट करा. या दोन गोष्टी पाळल्या की हेसच्या गणितात चुकायला फारसं काही उरत नाही.

*चौथी वाट, प्रयोगशाळेतली.* प्रॅक्टिकलला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोड्याचं उदासिनीकरण असतं. प्रत्येकी १ मोलर, ५० मिलिलिटर, थर्मोकोलच्या कपात. तापमान साधारण ६.८ अंशांनी चढतं. उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानवाढ = १०० × ४.१८ × ६.८ = सुमारे २८४० जूल. मोल ०.०५, म्हणून प्रति मोल सुमारे ५७ किलोजूल.

यात दोन खड्डे आहेत. वस्तुमान १०० ग्रॅम, कारण दोन्ही द्रावणं मिळून तापतात. ५० लिहिलं की उत्तर निम्मं येतं आणि मुलं ‘कपातून उष्णता गळाली’ असं कारण देऊन मोकळी होतात. गळते, पण अर्धी नव्हे. दुसरा खड्डा चिन्हाचा: पाण्याला मिळालेली उष्णता धन, म्हणून अभिक्रियेची डेल्टा एच ऋण, −५७.

४. एन्ट्रॉपी: इथे मूलद्रव्यं शून्य नसतात

रीत तीच, उत्पाद वजा अभिक्रियाकारक. पण आत्ताच एन्थाल्पीत नायट्रोजन-हायड्रोजनला शून्य लिहून हात सवयीचा झालेला असतो, आणि तोच हात इथेही शून्य लिहितो. एन्ट्रॉपीची पातळी आपण ठरवलेली नाही. तिसऱ्या नियमाप्रमाणे निरपेक्ष शून्य तापमानाला परिपूर्ण स्फटिकाची एन्ट्रॉपी शून्य, आणि तिथून २५ अंशांपर्यंत येताना प्रत्येक पदार्थाने काही ना काही जमा केलेली असते. म्हणून तक्त्यात एन्ट्रॉपीच्या आधी ‘डेल्टा’ नसतो.

अमोनिया १९२.५, नायट्रोजन १९१.६, हायड्रोजन १३०.७. एकक जूल प्रति केल्व्हिन प्रति मोल.

उत्पाद: २ × १९२.५ = ३८५.०
अभिक्रियाकारक: १९१.६ + ३ × १३०.७ = ५८३.७
डेल्टा एस = ३८५.० − ५८३.७ = −१९८.७ जूल प्रति केल्व्हिन

समासात काय लिहिलं होतं? ऋण. जुळलं.

पाण्यात विरघळलेल्या आयनांच्या ओळीत काही एन्ट्रॉपी ऋण दिसतील, उदाहरणार्थ मॅग्नेशियम आयनाची. छपाईची चूक समजू नका. आयनांसाठी पाण्यातल्या हायड्रोजन आयनाला शून्य धरण्याची पद्धत आहे आणि बाकीचे त्याच्याशी तुलना करून येतात. लहान आणि जास्त प्रभाराचा आयन भोवतीचं पाणी आवळून धरतो, म्हणून त्याचा आकडा शून्याखाली जातो.

५. मुक्त ऊर्जा: सगळ्यात सोपी वजाबाकी, सगळ्यात जास्त चुका

डेल्टा जी = डेल्टा एच − टी × डेल्टा एस

थांबा. डेल्टा एच किलोजूलमध्ये आहे, डेल्टा एस जूलमध्ये. −१९८.७ ला हजाराने भागा: −०.१९८७. तापमान केल्व्हिनमध्ये: २९८.

डेल्टा जी = −९२.२ − २९८ × (−०.१९८७) = −९२.२ + ५९.२ = −३३.० किलोजूल

हजाराने भागायचं विसरलात तर उत्तर सुमारे +५९,१२० येतं. साध्या अभिक्रियेचं उत्तर किलोजूलमध्ये पाच आकडी आलं की कॅल्क्युलेटर खाली ठेवा आणि एककं बघा. ही चूक तिच्या आकारामुळे निदान दिसते तरी. २९८ ऐवजी २५ घातलेत तर उत्तर −८७.२ येतं, दिसायला अगदी सज्जन, चिन्हही बरोबर. ते पकडायला दुसरी वाट हवी.

दुसरी वाट म्हणजे निर्मिती मुक्त ऊर्जांचा तक्ता. अमोनियाची −१६.५, मूलद्रव्यांची पुन्हा शून्य. २ × (−१६.५) = −३३.०. दोन्ही वाटा एकाच दारात आल्या. परीक्षेत वेळ असेल तर हा पडताळा घ्याच. मात्र हा तक्ता फक्त २५ अंशांसाठी आहे. प्रश्नात तापमान ५०० केल्व्हिन असेल तर तो मिटवून ठेवा.

आता ऋण डेल्टा जीचा अर्थ. अभिक्रिया उत्स्फूर्त आहे, एवढाच. ती कधी होईल याबद्दल हा आकडा मुका आहे. हिऱ्याचं ग्रॅफाइट होण्याची डेल्टा जी साध्या तापमानाला −२.९ किलोजूल आहे, तरी सुरतेच्या व्यापाऱ्यांची झोप उडालेली नाही. नायट्रोजन आणि हायड्रोजन बाटलीत एकत्र ठेवले तर −३३ चा आकडा असूनही वर्षानुवर्षं काही होत नाही, कारण तो ९४५ चा तिहेरी बंध आधी सुटावा लागतो. वेगाचं प्रकरण वेगळं, त्याचं गणित वेगळं. ‘डेल्टा जी जास्त ऋण, म्हणून अभिक्रिया जास्त वेगाने होते’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की तपासणाऱ्याचं लाल पेन आपोआप चालतं.

६. तापमान बदललं तर

डेल्टा जी शून्य कधी होते ते काढायचं असेल तर डेल्टा एच भागिले डेल्टा एस. दोन्ही एकाच एककात, पुन्हा.

९२,२०० ÷ १९८.७ = ४६४ केल्व्हिन, म्हणजे साधारण १९१ अंश सेल्सियस. त्याच्या वर प्रमाण डेल्टा जी धन होते.

हा भागाकार प्रत्येक अभिक्रियेला लावू नका. डेल्टा एच आणि डेल्टा एस यांची चिन्हं सारखी असतील तरच असा बिंदू असतो. चिन्हं विरुद्ध असतील तर उत्तर ऋण केल्व्हिन येतं, आणि त्याचा अर्थ इतकाच की ती अभिक्रिया सगळ्या तापमानांना एकाच बाजूला झुकलेली आहे. ऋण केल्व्हिनखाली दोन रेघा मारून ‘उत्तर’ लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात.

उलट्या प्रकारचं उदाहरण चुन्याच्या भट्टीचं. चुनखडी → कळीचा चुना + कार्बन डायॉक्साइड. डेल्टा एच = −६३५.१ − ३९३.५ + १२०६.९ = +१७८.३ किलोजूल. डेल्टा एस = ३९.८ + २१३.७ − ९२.९ = +१६०.६ जूल. साध्या तापमानाला डेल्टा जी = १७८.३ − ४७.९ = +१३०.४, म्हणून संगमरवरी फरशी आपोआप विरत नाही. शून्याचा बिंदू १,७८,३०० ÷ १६०.६ = १११० केल्व्हिन, सुमारे ८३७ अंश. प्रत्यक्षात कार्बन डायॉक्साइडचा दाब एक वातावरण व्हायला ९०० अंशांच्या जवळ जावं लागतं.

हा फरक का? आपण २५ अंशांचे डेल्टा एच आणि डेल्टा एस तसेच वर ओढत नेले. तापमानाबरोबर तेही बदलतात, कारण उत्पादांची आणि अभिक्रियाकारकांची उष्माधारिता सारखी नसते. अमोनियाची डेल्टा एच ७०० केल्व्हिनला −१०५ किलोजूलच्या आसपास जाते. ती दुरुस्ती करण्याचं काम किरखॉफच्या समीकरणाचं. पहिल्या वर्षात ‘डेल्टा एच आणि डेल्टा एस स्थिर धरा’ असं प्रश्नातच लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर तुम्ही उत्तरात लिहा, मार्क वाढतो.

७. ‘प्रमाण’ डेल्टा जी आणि खरी डेल्टा जी

इथे चांगल्या चांगल्यांची गडबड होते. १९१ अंशांवर प्रमाण डेल्टा जी धन होते म्हणालो, आणि कारखाने तर ४०० ते ५०० अंशांवर अमोनिया करतात. मग?

तापमान एवढं चढवतात ते वेगासाठी. लोखंडाचा उत्प्रेरक असला तरी त्याखाली अभिक्रिया रांगते. आणि चढवलेल्या तापमानाचं नुकसान दाबाने भरून काढतात. ‘प्रमाण’ म्हणजे प्रत्येक वायू १ बार दाबाला. कारखान्यात वायू १ बारला नसतात. खऱ्या परिस्थितीचं सूत्र असं:

डेल्टा जी = प्रमाण डेल्टा जी + आर × टी × नैसर्गिक लॉग क्यू

क्यू म्हणजे त्या क्षणी असलेल्या दाबांचं गुणोत्तर, उत्पाद वर, अभिक्रियाकारक खाली, गुणांक घातांकात.

४०० अंश, म्हणजे ६७३ केल्व्हिन घेऊ. प्रमाण डेल्टा जी = −९२.२ + ६७३ × ०.१९८७ = +४१.५ किलोजूल. समजा एकूण दाब २०० बार: नायट्रोजन ४५, हायड्रोजन १३५, अमोनिया २०.

क्यू = २० चा वर्ग ÷ (४५ × १३५ चा घन) = ४०० ÷ ११,०७,१६,८७५ = ०.०००००३६१ (दशांशचिन्हानंतर पाच शून्यं, मोजून घ्या)
नैसर्गिक लॉग = −१२.५
आर × टी = ०.००८३१४ × ६७३ = ५.५९५ किलोजूल
डेल्टा जी = ४१.५ − ७०.१ = −२८.६ किलोजूल

धनाचं ऋण झालं. फ्रिट्झ हाबरने १९०९ साली उच्च दाबाखाली अमोनिया करून दाखवला आणि कार्ल बॉशने तो दाब सोसणारी यंत्रं उभी केली. १९१३ साली जर्मनीत ओप्पाउला पहिला कारखाना चालू झाला. मला विचाराल तर हे गणित एकदा हाताने केल्याशिवाय उष्मागतिकी कशासाठी शिकायची ते कळत नाही. त्यातला आरचा आकडा मात्र किलोजूलमध्ये घेतलाय, ०.००८३१४, हे लक्षात आलं ना?

८. समतोल स्थिरांक

समतोलाला खरी डेल्टा जी शून्य होते. प्रमाण डेल्टा जी शून्य होते असं लिहू नका, तो निराळा आकडा आहे. वरच्या सूत्रात डावीकडे शून्य घातलं, आणि समतोलाच्या वेळच्या क्यूला के, म्हणजे समतोल स्थिरांक, म्हटलं की:

नैसर्गिक लॉग के = − प्रमाण डेल्टा जी ÷ (आर × टी)

२९८ केल्व्हिनला: ३३.० ÷ २.४७८ = १३.३, म्हणून के सुमारे ६ लाख. समीकरण निम्मं लिहिलं असतं तर के निम्मा होत नाही, त्याचं वर्गमूळ येतं: सुमारे ७८०. पायरी १ मध्ये समीकरणाला जपायला सांगितलं ते यासाठीही.

चिन्हाचा पडताळा तोंडी होतो. डेल्टा जी ऋण तर के एकाहून मोठा, धन तर लहान. के स्वतः ऋण कधीच नसतो.

९. सरावाला दोन गणितं

उत्तरं खाली दिली आहेत, ती हाताने झाका.

पहिलं: नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, पाण्यात विरघळतो तेव्हा भांडं बाहेरून गार लागतं. कल्हईवाल्याकडचा चिमूटभर मिळाला तर करून पाहा, नाहीतर प्रयोगशाळेत आहेच. निर्मिती एन्थाल्पी: घन −३१४.४, अमोनियम आयन −१३२.५, क्लोराइड आयन −१६७.२. एन्ट्रॉपी: ९४.६, ११३.४, ५६.५. २९८ केल्व्हिनला डेल्टा जी काढा आणि उष्णता शोषत असूनही ते आपोआप का विरघळतं ते एका वाक्यात लिहा.

दुसरं: द्रव पाणी → वाफ. निर्मिती एन्थाल्पी पायरी १ मध्ये दिल्या आहेत. एन्ट्रॉपी: द्रव ६९.९, वाफ १८८.८. २९८ केल्व्हिनला डेल्टा जी, के, आणि डेल्टा जी शून्य होण्याचं तापमान काढा.

उत्तरं. पहिल्याची डेल्टा एच +१४.७ किलोजूल, डेल्टा एस +७५.३ जूल, डेल्टा जी −७.७ किलोजूल, उष्णतेचा तोटा टी × डेल्टा एसच्या २२.४ ने भरून निघतो. +३७ च्या आसपास आलं असेल तर वजाबाकीच्या जागी बेरीज झाली आहे.

दुसऱ्याची डेल्टा एच +४४.० किलोजूल, डेल्टा एस +११८.९ जूल, डेल्टा जी +८.६ किलोजूल, के सुमारे ०.०३१. शून्याचं तापमान ३७० केल्व्हिन, म्हणजे ९७ अंश. १०० का नाही याचं उत्तर पायरी ६ मध्ये आहे. या समीकरणात वायू एकटी वाफच, त्यामुळे के म्हणजे बारमध्ये मोजलेला पाण्याचा बाष्पदाब. २५ अंशांना तो प्रयोगाने ०.०३१७ बार मोजला गेला आहे.